गळवाल्या काकांचा नवस

गळवाले काका मासे पकडायला जाताना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत. पायांत पॉलिश केलेले बूट, केसांना तेल, खिशात घडी केलेला रुमाल. शुक्रवारी, म्हणजे दोह्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चर्चमधला मिस्सा झाला की तिथूनच परस्पर कालव्यावर जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी एकदा म्हटलं, "काका, कपडे तरी बदलून जात जा की. चिखलात लोळायला जाता आणि थाट नवरदेवाचा!" तर म्हणाले, "का बाय? देवाला भेटायला चांगले कपडे आणि माशाला भेटायला फाटके? मासा काय कमी आहे का?" यावर काय बोलणार? मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं फार थोडी आहेत, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

आमची ओळखच भांडणातून झाली. मी तेव्हा दोह्यात नवी. वेस्ट बेमधल्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, नवरा पुण्यात आणि डोकं कायम तापलेलं. अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत मला खोली मिळाली होती. एक दिवस लिफ्टमध्ये हे गृहस्थ बादली घेऊन शिरले. बादलीतून पाणी ठिबकत होतं, शेवाळाचा वास येत होता. आम्ही सोलापूरचे लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मी लगेच झाडलं, "अंकल, मच्छी का पानी लिफ्ट में क्यूं गिराते?" माझं हिंदी ऐकून मी कुठली हे कुणालाही कळतं. ते शांतपणे मराठीत म्हणाले, "यात मासा नाही हो. मासा तिथंच सोडून आलो." मी म्हटलं, "मग जाता कशाला?" म्हणाले, "बघायला. तुम्ही बागेत जाता तेव्हा फुलं बघता की सगळी खुडून आणता?" तिसरा मजला आला. त्यांचं दार माझ्या दारासमोरच निघालं. झालं, म्हटलं, आता रोज हा वास.

वास कधी आला नाही. त्यांच्या घरातून वास यायचा तो काकूंच्या हातच्या आंबोळीचा, आणि ताटली माझ्या दारात यायची. "अंडं नाही, मासा नाही, माझा हातसुद्धा धुतलेला आहे," असं काकू दारातूनच ओरडून सांगत.

काका वसईचे. नाव बस्त्याव, पण अख्ख्या इमारतीत त्यांना गळवाले काका म्हणत. एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम त्यांनी जन्मभर केलं. चर्चमधली मराठी प्रार्थना ऐकून ऐकून त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं, संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द पुरा. काकूंशी मात्र ते वसईच्या बोलीत बोलत आणि ती बोली सुरू झाली की मला निम्मंच कळे. काकू त्यांना अरे-तुरे करत. आमच्याकडे असं कुणी नवऱ्याला म्हटलं असतं तर सासूनं भांडी आपटली असती. मला ते फार आवडायचं.

वसईला त्यांच्या घरामागं बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं घरचं तळं. तिकडं वाडीवाडीला असतं म्हणे. तिथं काका लहानपणी गळ टाकून बसायचे. दोह्याला आले तर सगळीकडं समुद्र. लोक बोटी घेऊन समुद्रात जात, मोठमोठे मासे आणत. काकांना त्याचं काहीच नाही. "खाऱ्या पाण्याचं मला कळत नाही बाय. आपण गोड्या पाण्याची माणसं." मग कुणीतरी सांगितलं की इंडस्ट्रियल एरियाच्या मागं एक कालवा आहे, बागांना घालायचं शुद्ध केलेलं पाणी त्यातून जातं आणि त्यात मासे आहेत. त्या पाण्यातला मासा खाण्यासारखा नव्हे. पण काकांना खायचा नव्हताच.

त्या कालव्यात त्यांना मोरमासा भेटला. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. इंग्रजीत त्याला पीकॉक बास म्हणतात. हा मूळचा कुठल्या तरी दूरच्या नद्यांतला मासा. कुणीतरी हौसेनं काचेच्या टाकीत पाळला असणार, मोठा झाला, टाकीत मावेना, शेजारचे मासे खायला लागला, मग दिला कालव्यात सोडून. अंगाला हिरवं सोनं, पाठीवरून खाली उतरणारे तीन काळे पट्टे, लाल डोळा, आणि शेपटीजवळ सोनेरी कड असलेला काळा ठिपका, अगदी मोरपिसावरचा डोळा. "हा पण आपल्यासारखाच," काका म्हणायचे. "कुणी आणलं, का आणलं, ठाऊक नाही. इथंच संसार थाटला बिचाऱ्यानं." हा मासा नजरेनं शिकार करतो, म्हणून लख्ख उजेडातच लागतो. काकांना ते सोयीचं होतं. शुक्रवारी मिस्सा, मग कालवा, मग दुपारी घरी जेवण.

या माशाला गांडूळ-बिंडूळ चालत नाही, त्याला पळतं काहीतरी लागतं. बाजारात खोटे मासे मिळतात, पण काका ते घेत नसत. ते स्टीलचा चमचा घेत, दांडा कापत, पुढच्या वाटीला दोन भोकं पाडत, एकात कडी, एकात गळ. पाण्यातून ओढला की चमचा लकलकत जायचा आणि मोरमासा वेडा होऊन झडप घालायचा. काकूंच्या घरात त्यामुळं एकाही जोडीचे चमचे पुरे नव्हते. मला शिऱ्याची वाटी दिली की त्या म्हणायच्या, "हातानं खा गं. याच्या माशांना चमचे लागतात, माणसांना नाहीत." काका मान खाली घालून हसायचे. पुढच्या आठवड्यात आणखी एक चमचा गायब.

काकूही कालव्यावर जात, घडीची खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन. मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेले, नुसती बसायला. मासा लागला की काका तो ओल्या हातांनी अलगद धरून काकूंसमोर आणत. "बघ." काकू चष्मा वर करून नीट बघत. मग निकाल. "हा नाही एवढा. मागचा जास्त गोरा होता." किंवा "हिचं पोट बघ, अंड्यावर आहे, सोड लवकर." मग काका पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून, इस्त्रीच्या पँटसकट, मासा सोडून देत. मी विचारलं होतं एकदा, "काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत?" म्हणाल्या, "आम्हाला मूल नाही गं. इतकी वर्षं याच्या तोंडाकडं बघत आले. मासा दाखवताना याचं तोंड लहान होतं, एवढंसं. ते बघायला येते मी. मासा गेला उडत."

मग काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी आम्लपित्त, मग गॅस, मग स्कॅन. निदान व्हायला उशीर झाला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तिथून यकृतात. काका घरी आले ते फाइल घेऊन सरळ माझ्याच दारात उभे राहिले. "बाय, दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढण्यात जन्म गेला माझा. घरातलं दिसलं नाही मला."  मी त्यांना पाणी दिलं. 

औषधं सुरू झाली, काकूंचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं. वसईला न्यायचं ठरत होतं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, आता विमान झेपणार नाही. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की त्यांच्याकडेच बसायची. आणि मला एक दिसायला लागलं. शुक्रवार येत होते, जात होते, पण काका मिस्सा झाला की सरळ घरी येत. गळाची काठी कपाटामागं उभी. मी एकदा म्हटलं, "काका, दोन तास जाऊन या की. मी आहे ना काकूंजवळ. तुमचं तोंड बघा कसं झालंय." ते मला बाहेर गॅलरीत घेऊन गेले. हळूच म्हणाले, "नवस बोललोय. चर्चमधल्या मातेला सांगितलंय, ही बरी होईपर्यंत गळाला हात लावणार नाही. हिला सांगू नकोस." मला आतून भरून आलं आणि रागही आला. म्हटलं, "दुसरं काही मिळालं नाही सोडायला? चहा सोडायचा, साखर सोडायची!" तर म्हणाले, "चहा सोडला तर मातेला काय वाटेल? मला जे सोडवत नाही तेच द्यायला हवं ना."

त्यांच्या हातांना आता काही काम उरलं नव्हतं. बोलता बोलता ते टेबलावरचा चमचा उचलत, त्याची वाटी अंगठ्यानं चाचपत, आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवत. मी ते रोज बघत होते. घरात दोन माणसं, एक पलंगावर संपत चाललेलं आणि दुसरं खुर्चीत.

फेब्रुवारीच्या शेवटी काकूंचं खाणं जवळजवळ थांबलं. आणि एक दिवस त्या काकांना म्हणाल्या, "मला एकदा मोरमासा बघायचाय." काका लगबगीनं मोबाइल घेऊन आले, जुने फोटो दाखवायला लागले. "फोटो नको. जिवंत." मग काका म्हणाले, बाजारात पाळीव माशांचं दुकान आहे, तिथून आणतो. "विकतचा नको. तू पकडलेला पाहिजे."  काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथं नळ सोडून उभे राहिले. पाण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता.

तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला. हात कसला, नुसती हाडं. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे तो नवस."  "मला कुणी सांगायला नको. शुक्रवार चुकला तेव्हाच कळलं. आता मी काय सांगते ते ऐक. बरी होईपर्यंत म्हणालाय ना हा? मी काही बरी होत नाही. मी गेले की याचा नवस कधी सुटणारच नाही. मग हा जन्मभर गळाला हात लावणार नाही. मूल नाही, बाळ नाही, मी पण नाही, आणि गळ पण नाही. काय करेल गं हा दिवसभर?" मी म्हटलं, "काकू, असं बोलू नका." "गप. मी असतानाच त्याचा नवस मोडायला पाहिजे. म्हणजे मी त्याला म्हणेन, बघ, मोडलास तरी काही झालं नाही, मी आहे अजून. मी गेल्यावर हे त्याला कोण सांगणार?"

मला रडू आवरेना. त्यांना मात्र रडायला वेळ नव्हता. म्हणाल्या, "तो आता तुला म्हणेल, तू पकड. मी ओळखते त्याला. हो म्हण. तुझ्या हातून मासा सुटायला लागला की हा राहणार नाही, काठी हिसकावून घेईल. तेवढंच करायचं तू. वेंधळ्यासारखं." मी म्हटलं, "ते काही शिकायला नको मला." काकू हसल्या. मी पाहिलेलं त्यांचं ते शेवटचं मोकळं हसणं.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात. "बाय, एक काम आहे. तुझ्या धर्मात बसेल की नाही ठाऊक नाही." मी म्हटलं, "मारायचा तर नाही ना? दाखवून परत सोडायचा. मग बसवते मी धर्मात." माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. पण तिथं पलंगावर एक बाई मरत होती आणि तिला एक मासा बघायचा होता. आई काय म्हणेल हा विचार करायची ती वेळ नव्हती.

शुक्रवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. शेजारच्या मल्याळी नर्सला काकूंजवळ बसवलं. इंडस्ट्रियल एरियात सुट्टीची शांतता, कंपन्यांच्या बसगाड्या ओळीनं उभ्या, लेबर कॅम्पच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेले. कालव्यावरचा नेपाळी सिक्युरिटीवाला काकांना ओळखायचा. मी काठी घेतलेली आणि काका हात मागं बांधून उभे, हे बघून तो चकित झाला. "सर, आप नहीं पकडेगा? मॅडम को तो आता नहीं है." काका म्हणाले, "आज मॅडम ही पकडेगी. इन्शाल्ला."

काकांनी मला तोंडानं शिकवलं. एकाही वस्तूला त्यांनी हात लावला नाही. चमचा मी बांधला, ते नुसतं बोट दाखवून सांगत होते, "असा नाही, उलटा पीळ. हां. आता थुंकीनं ओला कर." फेकताना गळ दोनदा झुडपात अडकला, एकदा माझ्याच ओढणीत. एरवी ते हसले असते. त्या दिवशी त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना चालली होती आणि मध्येच सूचना. "हे माते... मनगट सैल सोड बाय... हे माते, दया कर... आता ओढ, सलग ओढ, थांबू नकोस." ऊन चढलं. माझे हात भरून आले. एक तास गेला, जास्तच गेला असेल. मी मनात म्हणत होते, मासा लागू दे आणि मग सुटायला लागू दे, म्हणजे हे काठी धरतील आणि सगळं होईल.

आणि लागला. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, काठी वाकून माझ्या हातातून निसटायला लागली. रीळ कर्र करून फिरायला लागलं. मासा कालव्याच्या मध्यापर्यंत गेला, एकदा हवेत आला, उन्हात असा चमकला की मी ओरडलेच. मला काकूंचं बोलणं आठवलं. मी मुद्दाम गळाची दोरी, तो तंगूस, ढिला सोडला. काठी खाली केली. "काका, सुटतोय! धरा! मला नाही जमत, धरा तुम्ही!"

ते पुढं आले. त्यांचे दोन्ही हात पुढं आले, काठीपासून वीतभर. मी अजून ढील दिली. मग त्यांनी ते हात मागं घेतले आणि कालव्याच्या लोखंडी कठड्याला गच्च धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, पुसायलाही हात सोडवत नव्हते. "ओढ, बाय! देवाच्यान ओढ! सोडू नकोस त्याला. तिनं मागितलाय गं, तिनं आयुष्यात काही मागितलं नाही. तुझ्या पाया पडतो, ओढ!" मी त्यांच्याकडं बघितलं. त्या तोंडाकडं बघून मासा सोडून देणारी बाई मी नाही. मी ओढला. ते सांगत गेले, मी करत गेले, काठी वर, रीळ, काठी खाली, रीळ, आणि मासा काठाला आला. काकूंच्या बाजूनं लढायला गेले होते आणि काकांना जिंकवून बसले.

मासा बादलीत घातला. बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारं बॅटरीचं यंत्र लावलं. काका बादली मांडीवर घेऊन गाडीत बसले. "बादलीचा नवस नाही," असं मला समजावून सांगितलं, जणू मी हरकत घेतली होती. मी त्यांना म्हटलं, न राहवून म्हटलं, "काका, काकूंना नवस ठाऊक आहे. तुम्ही तो मोडावा म्हणूनच त्यांनी मासा मागितला." काकांनी बादलीतून नजर काढली नाही. म्हणाले, "ठाऊक असेल. पण मी नवस तिच्याशी नाही बोललो, बाय."

काकूंना उशीला टेकवून बसवलं होतं. काकांनी बादली पलंगाजवळ ठेवली, गुडघ्यावर बसले, दोन्ही हात ओले करून मासा अलगद वर उचलला. "बघ." हिरवं सोनं, काळे पट्टे, शेपटीजवळचा तो डोळा, सगळं तिथं त्या औषधाच्या वासाच्या खोलीत. काकूंनी मासा बघितला नाही, काकांचं तोंड बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग विचारलं, "कुणी पकडला?" खोटं बोलायचा तो क्षण होता. मी बोललेही असते. काकांनी खरं सांगितलं, "हिनं." काकूंनी डोळे मिटले. "छान आहे. पाण्यात घाल त्याला, जीव जाईल." आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि हमसाहमशी रडले. कुणाचा राग करावा तेच कळत नव्हतं. दोघंही एकमेकांसाठीच करत होते सगळं.

मासा त्याच संध्याकाळी मी कालव्यात परत सोडून आले. दुसऱ्या आठवड्यात फादर आले, आजाऱ्याला तेल लावायचा विधी करायला. तो झाल्यावर काकूंनी त्यांना थांबवलं. मोठ्या मुश्किलीनं, एकेक शब्द गोळा करत त्यांनी नवसाचं सगळं सांगितलं. "फादर, याला मोकळं करा." फादर चांगले होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुम्ही प्रेमानं बोललात. देव प्रेमाचा दोर करून कुणाला बांधत नाही. मला तो अधिकार आहे, मी तुम्हाला या नवसातून मोकळं करतो." काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलं एकदाचं. काकांनी हात जोडले. "उपकार आहेत, फादर. पण मी उद्या गळ टाकला आणि हिला परवा काही झालं, तर तुम्ही म्हणाल देवाची इच्छा. मी काय म्हणू?" फादरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि निघाले. 

शेवटचे काही दिवस काकू फारशा बोलत नव्हत्या. एकदा दुपारी डोळे उघडून म्हणाल्या, "शुक्रवार ना आज? जा ना रे. एकदा टाक. मी आहे, बघ, कुठं जात नाही." काका त्यांचा हात चोळत होते. म्हणाले, "तू बरी हो, मग दोघं जाऊ." काकू म्हणाल्या, "हट्टी आहेस." "तू नाहीस का?" "मी पण आहे." मग त्यांनी वसईच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. दोन दिवसांनी, सकाळी, चहाच्या वेळेला, त्या गेल्या. काका आत होते. मी दारात होते. ते मला म्हणाले, "गॅस बंद कर बाय, चहा उतू जाईल."

पेटी विमानानं मुंबईला गेली, बरोबर काका. नोकरी त्यांनी सोडलीच होती, निवृत्तीला आलेलेच होते. घर मी आवरलं. कपाटामागची काठी त्यांनी न्यायला नको म्हणून सांगितलं होतं. "तू ठेव. नाहीतर कुणाला देऊन टाक." मी ती सिक्युरिटीवाल्याला दिली. माझ्याच्यानं घरात बघवेना.

मे महिन्यात मी त्यांना फोन केला. वसईच्या घरी ते एकटेच होते. आवाज तसाच, संथ, स्वच्छ. बावखल भरलेलं आहे म्हणाले, उन्हाळ्यातही आटलं नाही, संध्याकाळी मासे वर येतात, पाण्यावर वर्तुळं उठतात, मी काठावर बसून बघतो. मी म्हटलं, "काका, एकदा गळ टाका ना. काकूंची फार इच्छा होती हो."

"ठाऊक आहे," म्हणाले.

"मग? आता कुणासाठी पाळता नवस? काकू गेल्या, काका." असं तोंडावर बोलायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे.

ते रागावले नाहीत. समजावल्यासारखे म्हणाले, "तेच तर, बाय. ही बरी होईपर्यंत गळाला हात लावणार नाही म्हणालो होतो. आता लावला की ती गेली. तोवर ती आजारी आहे, एवढंच."

 मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, काकू असत्या तर त्यांनी काकांना चांगलं झाडलं असतं. मग वाटलं, काकू असत्या तर.

पुढच्या महिन्यात परत फोन केला. काकांनी उचलला, "बोल बाय" म्हणाले. मी दोह्यातल्या उन्हाचं वगैरे काही बोलले नाही. आधी विचारलं, "काकू कशा आहेत?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मग म्हणाले, "आहे तशीच आहे. तू विचारलंस, बरं वाटलं."